मेमरीत छापलेली पावती

हाउसिंग सोसायटीच्या देखभाल खर्चाची पावती तयार करणारा जावातला एक क्लास माझ्यासमोर उघडा आहे. त्यातल्या छापणाऱ्या मेथडला एकच गोष्ट द्यावी लागते, ती म्हणजे रायटर. मेथड त्यावर ओळीमागून ओळ लिहीत जाते. मजकूर फाइलीत पडतो, नेटवर्कवर जातो की आणखी कुठे, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आज मी तिला स्ट्रिंगरायटर देतो. 1997 साली जेडीके 1.1 मध्ये आलेला हा क्लास लिहिलेलं सगळं मेमरीतच साठवतो.

डीबगर लावून एकेक पायरी पुढे गेलं की त्याच्या पोटातला स्ट्रिंगबफर दिसतो. आरंभी तो रिकामा असतो आणि त्याची क्षमता 16. ‘पावती क्रमांक’ लिहिलं की लांबी 13 होते. वाचताना इतकी अक्षरं जाणवत नाहीत, पण जावा काना, वेलांटी, अनुस्वार आणि मधली मोकळी जागाही मोजते. ‘क्र’चे तर क, हलन्त आणि र असे तीन धरले जातात. जावा 9 पासून साध्या इंग्रजी मजकुराला अक्षरामागे एक बाइट पुरतो. देवनागरी येताच आतला 16 बाइटचा ॲरे 32 बाइटचा होतो. पुढे सदनिका, महिना, रक्कम असे छोटे तुकडे जोडले जातात, तशी क्षमता 34, 70, 142 अशी वाढत जाते. दर वेळी आधीच्या दुपटीत दोन मिळवायचे, हा तिचा हिशेब.

खरी बचत या दुपटीत आहे. जावातली स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. त्यामुळे लूपमध्ये अधिकचं चिन्ह वापरून ओळी जोडत गेलं, तर प्रत्येक फेरीत आधीचा सगळा मजकूर नव्या स्ट्रिंगमध्ये पुन्हा उतरवला जातो. 50 अक्षरांच्या 1,000 ओळी अशा जोडल्या तर सुमारे अडीच कोटी अक्षरं उतरवावी लागतात. तेवढ्याच मजकुरासाठी बफर दहा-बारा वेळाच वाढतो, आणि या सगळ्या वाढींत मिळून हलवलेली अक्षरं एक लाखाच्या आत राहतात. शेवटी टूस्ट्रिंग मेथड बोलावली की एक अखेरची प्रत निघते आणि ती आपल्या हाती येते.

हा रायटर क्लोज केल्यावरही त्यावर लिहिता येतं, कारण बंद करायला मागे फाइलच नसते. मात्र त्याच्यापुढे बफर्डरायटर लावला असेल तर फ्लश करायलाच हवं. नाहीतर मजकूर मधेच अडकतो आणि छोटी पावती रिकामी स्ट्रिंग होऊन परत येते.

याचा सर्वांत मोठा फायदा टेस्ट लिहिताना होतो. पावती मेमरीत तयार होते, अपेक्षित मजकुराशी शब्दन् शब्द ताडून पाहता येते, डिस्कवर काही उरत नाही. एक्सेप्शनचा स्टॅक ट्रेस लॉगमध्ये हवा असेल तेव्हाही स्ट्रिंगरायटरवर प्रिंटरायटर चढवून तो असाच पकडतात. उलट लाखो ओळींचा अहवाल मेमरीत साठवण्यात शहाणपण नाही, तो थेट फाइलीत जावा. तिथेही मेथडला हात लावावा लागत नाही, फक्त रायटर बदलतो. म्हणून मजकूर छापणाऱ्या मेथडनं फाइलचं नाव मागू नये, रायटर मागावा.