सपाटीचा सौदा

जुनं रंधा मशीन विकत घ्यायला निघालेला माणूस नेमकं काय विकत घेत असतो? मोटार जळलेली असली तरी नव्यानं वाइंडिंग करून मिळते. बेअरिंग नंबर सांगितला की दुकानात मिळतं. पाती तर झिजण्यासाठीच असतात. पट्टा, पुली, स्विच, रंग, सगळं बदलता येतं. बदलायला अवघड अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे बिडाच्या दोन टेबलांची सपाटी. टेंपोत चढवताना चार माणसांचा दम काढणारं हे धूड आपण आणतो खरं, पण पैसे मोजतो ते डोळ्यांना धड न दिसणाऱ्या एका गुणाचे. आणि हा गुण अस्सल आहे की नाही, हे पाहायला ना प्रयोगशाळा लागते, ना तज्ज्ञ. एक पेन्सिल, एक पट्टी आणि थोडा उजेड पुरतो. हे कसं शक्य होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी मशीनचं काम काय ते पाहू. कॅटलॉगात याला सरफेस प्लेनर किंवा जॉइंटर म्हणतात, टिंबर मार्केटमध्ये नुसतं रंधा मशीन. गिरणीतून कापून आणलेली फळी सरळ असते, पण ती कापली त्या दिवसापुरती. लाकूड वाळतं तसं आक्रसतं, आणि सगळीकडून सारखं आक्रसत नाही. वार्षिक कड्यांच्या वळणाच्या दिशेनं ते जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनं. लांबीत तर जवळजवळ नाहीच. एकाच फळीत या तिन्ही दिशा नांदत असल्यामुळे ती पन्हाळते, धनुष्यासारखी वाकते, किंवा चार कोपऱ्यांतला एक उचलून पिळते. सागवानाची एवढी प्रतिष्ठा आहे त्यात त्याच्या या कमी आक्रसण्याचाही वाटा आहे. पण सागाची फळीही अगदी जागच्या जागी राहत नाही.

अशी पिळलेली फळी जाडी सारखी करणाऱ्या थिकनेस मशीनमध्ये घातली तर? तिथले रूळ तिला दाबून सपाट करतात, वरून पातं फिरतं, आणि पलीकडून बाहेर पडताच फळी पुन्हा आपल्या मूळ पिळावर येते. जाडी सगळीकडे सारखी, पीळ जसाच्या तसा! म्हणून आधी एक बाजू कुणीही न दाबता, आहे त्या स्थितीत सपाट करावी लागते, आणि रंधा मशीन नेमकं तेवढंच करतं.

रचना साधी आहे. मध्ये पात्यांचा गोल रूळ, त्याच्या अलीकडे एक टेबल आणि पलीकडे एक. पलीकडचं टेबल पात्याच्या सर्वांत वरच्या टोकाशी बरोबर समपातळीत असतं. अलीकडचं त्याहून जरासं खाली, जेवढं लाकूड काढायचं तेवढंच. फळी अलीकडून ढकलली की पातं उंचवटे कापतं आणि कापलेला भाग लगेच पलीकडच्या टेबलावर टेकतो. आता पुढची वाटचाल त्या ताज्या, सपाट भागाच्या आधारानं होते. म्हणजे फळीच्या सरळपणाचा पहिला तुकडा पुढच्या तुकड्याला सरळ करतो, तो त्याच्या पुढच्याला. हे मला फार सुंदर वाटतं. पलीकडचं टेबल केसभर उंच असेल तर फळी त्याच्या कडेला अडते, केसभर खाली असेल तर शेवटच्या इंचाला पातं खोल रुततं. सगळी करामत त्या केसभरात आहे.

आता थोडं गणित. समजा रूळ मिनिटाला 5000 फेरे घेतो आणि त्यावर तीन पाती आहेत. मिनिटाला 15,000 घाव झाले. फळी मिनिटाला 4 मीटर वेगानं ढकलली, तर दोन घावांत जेमतेम पाव मिलिमीटरचं अंतर राहतं. पातं गोल फिरतं, त्यामुळे प्रत्येक घाव म्हणजे एक बारीक खळगा, आणि रंधलेली फळी म्हणजे खरं तर या खळग्यांची लांबलचक रांग. रुळाचा व्यास 80 मिलिमीटर धरला तर त्या लाटेची उंची भरते 0.0002 मिलिमीटरच्या आसपास. ही झाली कागदावरची गोष्ट. प्रत्यक्षात तीन पात्यांपैकी एखादं पातं किंचित वर असतं आणि शेवटचा हात त्याचाच फिरतो. मग अंतर तिप्पट, आणि उंची तिपटीच्या वर्गानं, म्हणजे नऊपट वाढते. तरीही ती 0.002 मिलिमीटरच. पण फळी तिरप्या उजेडात धरा, एवढीशी लाटही डोळ्यांना दिसते. घाईनं दुप्पट वेगानं ढकलली तर लाट चौपट उंच होते. जुना मिस्त्री ‘सावकाश’ म्हणतो त्यामागे हा वर्ग असतो.

म्हणजे घाव अचूक आहेत. मग चूक येते कुठून? टेबलांतून. दोन्ही टेबलं मिळून मध्ये उंच आणि टोकांना खाली गेलेली असतील, तर फळीची कड मध्ये पोकळ येते. टोकं वर आणि मध्य खाली असेल तर कड फुगीर येते. टेबल जसं, तसं लाकूड, फक्त उलटं. म्हणजे प्रश्न परत टेबलाच्या सपाटीवरच येतो. आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. टेबल सपाट करणारं यंत्र सपाट कुणी केलं? त्या यंत्राला सपाट करणारं? ही साखळी मागे मागे नेत गेलो तर पहिली सपाट वस्तू कशावरून घडवली असेल?

उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये आहे. लाकडाला रंधा मारणाऱ्या यंत्राचं पेटंट सॅम्युएल बेंथमनं 1791 मध्ये घेतलं होतं, अमेरिकेत विल्यम वुडवर्थनं 1828 मध्ये. पण धातूचं पृष्ठ खऱ्या अर्थानं सपाट कसं करावं, हे जोसेफ व्हिटवर्थनं 1840 मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत निबंध वाचून मांडलं. तोवर कारागीर दोन प्लेटांमध्ये कुरुंदाची पूड घालून त्या एकमेकींवर घासत. यात खोट अशी की, एक प्लेट किंचित घुमटासारखी आणि दुसरी किंचित वाटीसारखी झाली तरी त्या एकमेकींवर अगदी छान बसतात. दोघी खोट्या, पण दोघींची साक्ष जुळते.

उपाय होता तिसरी प्लेट. पहिलीशी दुसरी जुळवा, मग पहिलीशीच तिसरी. पहिली घुमट असेल तर दुसरी आणि तिसरी दोन्ही वाट्या होणार. आता दुसरी आणि तिसरी एकमेकींवर ठेवा. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून बसू शकत नाहीत, खोटं तिथल्या तिथे पकडलं जातं. मग तेलात कालवलेला रंग लावून उंचवटे हुडकायचे, हातातल्या स्क्रेपरनं तेवढेच खरवडायचे आणि जोड्या बदलत राहायचं. मधूनमधून प्लेट काटकोनात फिरवूनही पाहायची, नाहीतर पीळ लपून राहतो. तिघी एकमेकींशी सर्व बाजूंनी जुळल्या की तिघी सपाट झाल्याच म्हणून समजा. दुसरा कुठलाच आकार या परीक्षेत उतरत नाही. यासाठी आधीची कुठलीही सपाट वस्तू लागली नाही, हे मला आजही जादूसारखं वाटतं. तीन संशयी प्लेटा एकमेकींची झडती घेतात आणि त्यातून प्रमाण जन्माला येतं. मशीन दुरुस्तीच्या कारखान्यांत निळा रंग लावून स्क्रेपिंग करणारे हात आजही दिसतात, ते हेच काम करतात.

गोदामात उभ्या असलेल्या गंजलेल्या मशीनची परीक्षा याच संशयाच्या बळावर होते. सोबत मीटरभर लांबीचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप घेऊन जा. तो सरळ आहे कशावरून? प्लायवर त्याच्या कडेनं बारीक पेन्सिलीची रेघ ओढा, पाइप त्याच रेघेच्या पलीकडच्या बाजूला उलटा करून तीच कड रेघेला लावा आणि दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर पाइप सरळ. नसेल तर चूक दुप्पट होऊन समोर येते. मग अलीकडचं टेबल उचलून पलीकडच्याशी समपातळीत आणा, पाइप दोन्हींवर लांबीत ठेवा, मग तिरपा, मग दुसऱ्या कर्णावर, आणि मागे बॅटरी धरा. कॉपियरचा साधा कागद 0.1 मिलिमीटर जाडीचा असतो, तोच तुमचा फिलर गेज. कुठे एखादा कागद जेमतेम सरकत असेल तर मी भाव करायला बसेन. दोन-तीन कागद सहज जात असतील तर चहा पिऊन उठेन.

इथे एक फरक ओळखायला हवा. टेबल स्वतः सपाट असून नुसतं टोकाकडे लोंबलेलं असेल, तर ते सरकण्याच्या खाचा झिजल्याचं लक्षण आहे. तिथे पितळेची पातळ पट्टी घालून ते सावरता येतं. पण टेबलाच्या अंगातच वाक किंवा पीळ असेल तर ते मोठ्या ग्राइंडिंग मशीनवर न्यावं लागेल, आणि तो खर्च कधी कधी सौद्याच्या वर जातो.

वीज असेल आणि पात्यांवरचं झाकण जागेवर असेल, तर सर्वांत उत्तम परीक्षा मशीनकडूनच करून घ्यावी. फळीचे दोन तुकडे कडेवर रंधून घ्या आणि रंधलेल्या कडा एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरा. दोन्ही कडा एकाच मशीनच्या, म्हणजे चूकही सारखीच, आणि तोंडाला तोंड लागल्यावर ती दुप्पट. मध्ये फट दिसली तर टेबलं टोकांना खाली आहेत, टोकांना फट दिसून तुकडा डुलला तर वर. व्हिटवर्थची तिसरी प्लेट इथे फुकटात मिळते. फळी टेकवायच्या उभ्या आधारपट्टीचा काटकोन मात्र थोडा चुकला तरी सुतार अडत नाही. जोडायच्या दोन फळ्यांपैकी एकीची दर्शनी बाजू पट्टीला लावायची, दुसरीची उलट बाजू. एक कड 89 अंशांची आली तर दुसरी 91 अंशांची, बेरीज 180, आणि जोड सपाट.

गंजाला भिऊ नका. मुंबई-कोकणच्या हवेत पावसाळाभर उघडं राहिलेलं बीड तांबडं होणारच. वरवरचा गंज घासून निघतो आणि बारीक खड्ड्यांनी सपाटी बिघडत नाही. उलट जुन्या बिडाचा एक फायदाच आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको की, साच्यातलं बीड सगळीकडे एकाच वेळी थिजत नाही. पातळ भाग आधी, जाड भाग नंतर, आणि या ओढाताणीचा ताण अंगात राहतो. तो हळूहळू सुटतो तसं बीडही लाकडासारखंच किंचित हलतं. म्हणून जुने कारखानदार ओतकाम महिनोन्‌महिने मुरवत ठेवत आणि मगच त्यावर शेवटचा हात फिरवत. नवं मशीन अजून हलायचं बाकी असू शकतं. जुनं जे हलायचं ते बहुधा हलून चुकलेलं असतं, आणि आज ते सपाट निघालं तर सपाट राहण्याची शक्यता मोठी. बिडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे थरथर जिरते, हे आणखी वर.

अशी मशीनं विकायला येण्याचं एक कारण म्हणजे प्लायवुड. प्लाय जन्मतःच सपाट असतो. मॉड्युलर फर्निचर करणाऱ्याला रंधा मशीनचं काय काम? पण अखंड लाकडाची खुर्ची, चौकट किंवा पाट करायचा असेल, तर या मशीनवाचून पहिलं पाऊलच पडत नाही.

आता माझा निकाल. मोटार, बेअरिंग, पाती, गंज ही सगळी भाव पाडायची कारणं, सोडून द्यायची नव्हेत. बिडाला तडा असेल किंवा टेबलाच्या ओठाशी वेल्डिंगचा डाग दिसला, तर मात्र कितीही स्वस्त असलं तरी सोडा. पात्यांचा रूळ गोल नसून चौकोनी असेल, तर तो फार जुन्या घडणीचा आहे. त्याच्या आणि टेबलाच्या मधल्या रुंद फटीत बोट खोलवर जातं. असं मशीन शोभेला ठेवा, वापरायला नको. आणि जुन्या मशीनवरून सर्वांत आधी गायब होतं ते पात्यांवरचं झाकण. ते नाही म्हणून सौदा मोडू नका, पण ते बनवून बसवेपर्यंत मशीनला वीज जोडू नका.