खाली हवा कोण देणार?

(बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी)

परीक्षा आटोपली की एप्रिलमध्ये मी अंदमानला जाणार आहे, आणि तेथे समुद्राच्या पोटात उतरणार आहे! माण तालुक्यातील ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, त्या गावच्या मुलीने असे म्हणावे याचे मैत्रिणींना हसू आले. माझा थोरला भाऊ नौदलात आहे. गेल्या वर्षी त्याची नेमणूक पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासून ज्याला श्री विजयपुरम म्हणतात त्या शहरी, झाली. हा बेत त्याचाच. आईने ऐकताच देवाला हात जोडले. आबांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "खाली हवा कोण देणार गं पोरी?"

या प्रश्नाला कारण आहे. आबा विहिरी खोदतात. मी नऊ वर्षांची असताना शेजारच्या वाडीत, बरीच वर्षे बंद पडलेली विहीर साफ करायला एक जण उतरला. तो हाकेला ओ देईना म्हणून दुसरा उतरला. दोघेही जिवंत वर आले नाहीत. आबा पोहोचले तेव्हा त्यांनी पेटता कंदील दोरीने आत सोडला. तो अर्ध्यावरच विझला. तळाशी पाणी गुडघाभरच होते. बंद विहिरीत प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइडसारखा जड वायू तळाशी साठतो, आणि डोळ्यांना यांतले काहीच दिसत नाही. म्हणून आबा आजही कंदील सोडल्याशिवाय जुन्या विहिरीत पाय टाकत नाहीत.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे म्हणून मी ग्रंथालयातली पुस्तके चाळली, भावाला फोनवर शंका विचारल्या. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहे.

पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत प्राणवायू असतो, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. टाकीत असते ती आपण वर्गात बसून घेतो तीच साधी हवा, फक्त सुमारे दोनशे पट दाबून भरलेली. शुद्ध प्राणवायू तर साधारण सहा मीटरच्या खाली विषासारखा ठरू शकतो. आता इतक्या दाबाची हवा थेट तोंडात कशी घ्यायची? हे कोडे १९४३ साली फ्रान्समध्ये सुटले. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालविण्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप बनविली होती. झाक कुस्तो या नौदल अधिकाऱ्याने त्याच्या मदतीने ती पाण्याखाली श्वास घेण्यासाठी बदलून घेतली. माणूस श्वास ओढतो तेव्हाच ती उघडते, आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाने हवा देते.

दाबाचे हे गणित समजले की पुढचे नियम आपोआप समजतात. पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या दुप्पट दाब दहा मीटर खोलीवर होतो. त्यामुळे उतरताना कानाचा पडदा आत ढकलला जातो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की कान मोकळे होतात. सर्दी असेल तर उतरायचेच नाही. वर येताना याच्या उलट घडते. दहा मीटरवर भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. कोणी घाबरून श्वास रोखून वर आला, तर त्याची फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून पहिला नियम हा, की श्वास कधीही रोखायचा नाही.

दुसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात विरघळतो. सोड्याच्या बाटलीचे बूच एकदम उघडले की फेस येतो, तसे घाईने वर येणाऱ्याच्या रक्तात बुडबुडे होतात. म्हणून वर यायचे ते सावकाश, मिनिटाला फार तर नऊ मीटर. विमानात दाब आणखी कमी होतो, म्हणून पाण्यातून आल्यावर लगेच विमानात बसत नाहीत. माझे परतीचे तिकीट विमानाचे आहे. भावाने मध्ये पुरे दोन दिवस ठेवले आहेत.

आमच्या गावात पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले ते मुलगेच. मला आजही धड पोहता येत नाही. परंतु नवशिक्याला प्रशिक्षक बरोबर घेऊनच उतरवतो, आणि बारा मीटरच्या पलीकडे नेत नाही. आमच्या मोजमापात हे झाले साडेसहा परस, म्हणजे आबांच्या रोजच्या कामाचीच खोली!

आम्ही उतरणार ते ठिकाण म्हणजे स्वराज द्वीप; २०१८ पर्यंत त्याचे नाव हॅवलॉक होते. तेथील प्रवाळ मला पाहायचे आहे. दगडासारखे दिसणारे प्रवाळ म्हणजे असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. २०१० आणि २०१६ साली समुद्राचे पाणी तापल्याने अंदमानचे पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले. म्हणून कशालाही हात लावायचा नाही, हे भावाने आताच बजावले आहे.

गेल्या महिन्यात घरी गेले तेव्हा हे सारे आबांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आणि कंदील?"

कंदीलही आहे. टाकीला जोडलेल्या नळीच्या टोकाला एक तबकडी असते. आत हवा किती उरली ते तिचा काटा दाखवतो. दोनशेवरचा काटा पन्नासवर येण्याच्या आत वर यायला निघायचे. शिवाय प्रत्येकाजवळ तोंडात धरायची एक जादा नळी असते, ती जोडीदारासाठी. कोणाची हवा संपली तर दुसऱ्याने आपल्या टाकीतली द्यायची, आणि दोघांनी मिळून वर यायचे. पाण्याखाली एकटे जायचेच नाही, हा तेथला रिवाज आहे.

आबा बराच वेळ गप्प होते. त्या वाडीच्या विहिरीत दुसरा माणूस जोडीदारासाठीच उतरला होता. पण त्याच्याजवळ द्यायला हवा नव्हती.

"काटा बघत राहा," एवढेच ते म्हणाले, आणि गाठोड्यातून पाचशेची नोट काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

मित्रमैत्रिणींनो, धाडस म्हणजे डोळे मिटून उडी मारणे, असे मला पूर्वी वाटे. आबा मात्र आयुष्यभर आधी कंदील सोडून मगच उतरत आले. एप्रिलमध्ये मीही तसेच उतरणार आहे. खाली काय दिसले ते पुढच्या अंकात अवश्य लिहीन.