बाळाची लस, आईची साखर

बाळ दीड महिन्याचं झालं की लसीची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. आजी कार्ड शोधून ठेवते, मामा गाडी काढतो, ताप आला तर असावं म्हणून औषधही आणून ठेवलेलं असतं. गरोदरपणात जिची साखर वाढली होती, अशा आईचीही तपासणी याच सुमाराला ठरलेली असते. ती मात्र घरात कुणाच्या ध्यानीमनी नसते.

गरोदरपणी वारेतून पाझरणारी संप्रेरकं इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे बाळाला साखर भरपूर मिळते. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन तयार करून ही ओढाताण निभावून नेतं. जिचं कमी पडतं, तिची साखर चढते. बाळंतपणात वार पडली की ती बहुधा उतरतेही. घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात आणि फाइल कपाटात जाते. स्वादुपिंडाची तोकडी कुवत मात्र तशीच राहते. २००९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार अशा स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतर मातांच्या सातपटीहून जास्त असते.

गंमत अशी, की हे वैद्यकाला नवं नाही. बॉस्टनच्या डॉ. जॉन ओ’सलिव्हन यांनी १९६४मध्ये गरोदरपणातल्या मधुमेहाचे निकष बांधले, तेच मुळी आईला पुढे मधुमेह होईल का, या प्रश्नावर. पुढे बाळाच्या वजनाची काळजी वरचढ ठरली आणि आईचा प्रश्न मागे पडला.

इशारा फक्त साखर देते असंही नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गरोदरपणी साखर ठीक, पण रक्तदाब वाढलेला, अशांनाही पुढे मधुमेहाचा धोका जवळपास दुप्पट दिसला. ‘बीपी तेवढं वाढलं होतं’ हे वाक्य त्यामुळे डॉक्टरांना पुढेही आठवणीने सांगायला हवं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासणी करावी, असं आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही आहे. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० मिलिग्रॅम, किंवा त्याहून जास्त, म्हणजे मधुमेह. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, या काळात फसवू शकते, कारण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं. शिवाय बाळंतीण माहेरी आणि तिचे कागद सासरच्या गावातल्या दवाखान्यात, असं असलं तर नव्या डॉक्टरांना मागचा इतिहास कळणार कुठून? लसीच्या दिवशीच आईची तपासणी उरकली, तर निदान दुसरी खेप वाचेल. अहवाल चांगला आला तरी दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा करायची असते.

आणि करण्यासारखंही पुष्कळ आहे. अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीत साखर सीमारेषेवर असलेल्या स्त्रियांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: सात टक्के वजन उतरवा, आठवड्यात दीडशे मिनिटं चाला. गरोदरपणी मधुमेह होऊन गेलेल्यांमध्ये पुढच्या मधुमेहाचं प्रमाण त्यामुळे जवळपास निम्म्यावर आलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनेही त्यांना जवळपास तेवढाच फायदा झाला. इतर मातांमध्ये मात्र त्या गोळीचा असर बराच कमी होता.