महागडा संच आणि सासूबाईंच्या तबकड्या

घरात हौसेनं भारी किमतीचा संगीत-संच येतो. दोन उंच स्पीकर बैठकीत विराजमान होतात. शेजारीपाजारी येऊन वाहवा करून जातात. मग कुणीतरी सासूबाईंच्या वेळची तबकडी लावतं आणि सगळ्यांचीच तोंडं उतरतात. गाणं कमी, खरखर जास्त! "एवढे पैसे ओतले ते यासाठी?" असं म्हणत तबकड्या माळ्यावर जातात, नाहीतर भंगारवाल्याकडे.

अशी घाई करू नका. दोष संचाचा नाही आणि गाणाऱ्या बाईंचाही नाही. पूर्वीचा साधा रेडिओ बारीक आवाज गाळून टाकायचा, म्हणून खरखर फारशी जाणवत नसे. उत्तम संच काहीच गाळत नाही. लख्ख आरशात सुरकुत्याही दिसायच्याच!

मुळात ही मुद्रणं झाली कशी, ते पाहा. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायल्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्यानं सुईनं मेणावर रेघ कोरायची. १९२५ पासून विजेवरचं मुद्रण सुरू झालं. त्याआधी अगदी खर्जातले आणि अगदी बारीक आवाज तबकडीत उतरतच नसत. शिवाय एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. तासभर रंगणारा राग तेवढ्यात बसवायचा, म्हणजे चेष्टा नव्हे! गोव्याच्या केसरबाई केरकरांची अशीच साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. तिला तिकडे पाठवताना कुणी खरखर मोजली नाही.

आता या गोष्टी करून पाहा:

* संचावर मोनोचं बटण असेल तर ते लावा. जुन्या तबकडीत डावा-उजवा भेद नसतोच. बरीचशी खरखर इथेच कमी होते.
* ट्रेबल थोडा उतरवा, पण अगदी थोडा. फार उतरवलात तर आवाजाची धारही जाईल.
* समोर बसून एक बाई गाते आहे, इतपतच आवाज ठेवा.
* ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. एल.पी.ची बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन तिथली धूळच वाजवते.
* तबकडी स्पिरिटनं कधीही पुसू नका. ती लाखेची असते, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ओलसर मऊ कापड पुरे, मधला कागद मात्र कोरडा ठेवा.
* नव्यानं 'साफ' करून मिळणारी मुद्रणं घेताना जरा ऐकून घ्या. खरखरीबरोबर कधीकधी गळ्यातला जीवही पुसला जातो.

राहता राहिला आपला कान. पहिली दोन मिनिटं त्याला खरखरच ऐकू येते. बाहेर पाऊस पडत असला तरी आपण घरात गप्पा मारतोच ना? तसंच मन हळूहळू ती खरखर बाजूला सारतं. मग चांगल्या संचाची खरी किंमत वसूल होते. ताने आधी घेतलेला श्वास, शब्दावर दिलेला हलका जोर, पेटीचा मागोवा, सगळं कळू लागतं. साध्या रेडिओवर हे कधी ऐकू येत नव्हतं.

आणि घरच्या कॅसेटींचं काय? आईनं म्हटलेल्या ओव्या, मागे भांड्यांचा आवाज, मध्येच कुणाचं तरी खोकणं. बाजारात नवा संच कधीही मिळेल, पण हा आवाज पुन्हा कुठून आणणार? फीत वर्षागणिक कमजोर होते. तेव्हा या रविवारी कपाट उघडा, कॅसेटींवर नाव आणि साल लिहा आणि त्यांची प्रत उतरवून घ्या. मग दिवे मालवून एकदा नव्या संचावर ऐका. आणि हो, सासूबाईंना शेजारी बसवायला विसरू नका!