शंकरपाळीवर दालचिनी-साखर: कुरकुरीतपणाचं सगळं गणित पाण्यात दडलंय!

मंडळी, दिवाळीच्या आसपास फोन उघडला की एक व्हिडिओ समोर येतोच. सोनेरी तळलेले तुकडे, त्यांवर दालचिनी-साखरेचा थर आणि तोडताना येणारा 'कर्रर्र' आवाज. कुणी त्याला चुरोज म्हणतं, कुणी दालचिनी शंकरपाळी. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा असतो आणि बघून वाटतं, यात काय अवघड आहे?

पण घरी करायला घेतलं की तीन तक्रारी हमखास येतात. गरम असताना मस्त लागतात, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. साखर भुरभुरीत राहण्याऐवजी ओली आणि चिकट होते. नाहीतर तुकडे तेल पिऊन जड होतात. गंमत म्हणजे या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. पिठातलं पाणी बाहेर कसं काढायचं आणि बाहेर गेलेलं पाणी परत आत कसं येऊ द्यायचं नाही, एवढं कळलं की हा पदार्थ जमलाच म्हणून समजा.

आधी एक खरी गोष्ट: रेसिपी फुटली आणि प्रकरण कोर्टात गेलं

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात 'ला तेर्सेरा' या वर्तमानपत्रानं २००४ मध्ये चुरोजची रेसिपी छापली. वाचकांनी ती घरी करून पाहिली आणि अनेकांच्या कढईतून चुरोज उकळत्या तेलासकट उसळून अंगावर आले. भाजलेल्या लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०११ मध्ये न्यायालयानं वर्तमानपत्राच्या कंपनीला १३ जणांना मिळून सुमारे सव्वा लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. रेसिपी छापण्याआधी ती पुरेशी तपासून पाहिली नव्हती. तेल इतकं तापवायला सांगितलं होतं की रेसिपी तंतोतंत पाळली तरी चुरोज फुटण्याचा धोका होता.

असं का झालं? पाण्याची वाफ झाली की तिला साधारण सतराशे पट जास्त जागा लागते. चुरोजचं पीठ उकळत्या पाण्यात उकड काढावी तसं केलेलं असतं. ते ओलं आणि जाड असतं. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरचं कवच लगेच कडक होतं आणि आत वाफ कोंडते. तिला वाट मिळाली नाही की कवच फुटतं. चुरोज चांदणीच्या आकाराच्या साच्यातून पाडतात ते नुसतं दिसण्यासाठी नाही. त्या खाचांमुळे तुकडा सगळीकडून सारखा शिजतो आणि कवचाला फुगायला जागा मिळते. साध्या गोल छिद्रातून पाडलेला जाड चुरो फुटण्याची भीती जास्त असते.

म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांनी चुरोजच्या मागे न लागता आपल्या शंकरपाळीकडे वळलेलं बरं. पीठ घट्ट, पोळी पातळ, पाणी कमी. वाफेला बाहेर पडायला भरपूर वाट. आणि चव? दालचिनी-साखर जितकी चुरोजवर खुलते, तितकीच शंकरपाळीवरही.

साहित्य काय लागेल?

- मैदा २५० ग्रॅम
- बारीक रवा २ मोठे चमचे
- साजूक तूप ५० ग्रॅम (मोहनासाठी)
- मीठ पाव छोटा चमचा
- पाणी साधारण १०० मिली (लागेल तसं)
- तळायला तेल
- वरून लावायला साखर ७५ ग्रॅम आणि दालचिनी पूड १ ते २ छोटे चमचे

एक गोष्ट लक्षात आली का? पिठात साखर नाही. नेहमीच्या गोड शंकरपाळीत आपण दूध-तुपात साखर विरघळवून घेतो. इथे साखर फक्त बाहेरून लावायची आहे. पिठातली साखर तेलात लवकर लाल होते. रंग आला म्हणून आपण तुकडे काढतो आणि आतलं पाणी तसंच राहतं. शिवाय साखर आणि तूप दोन्ही जास्त झालं तर तुकडे तेलात विरघळू लागतात, जसा बिघडलेल्या पिठाचा अनारसा कढईत हसतो. साखर बाहेर ठेवली की ही भीती उरत नाही आणि निवांत तळता येतं.

पीठ कसं मळायचं?

मैदा, रवा आणि मीठ एकत्र करा. तूप कडकडीत गरम करून त्यावर ओता, थोडं निवलं की हातानं चोळून घ्या. पिठाची मूठ वळून बघा. मूठ वळली आणि हलकेच दाबल्यावर सुटली, तर मोहन बरोबर आहे. तुपाचा थर पिठाच्या कणांना वेढतो, त्यामुळे पाणी घातल्यावर पीठ रबरासारखं चिवट होत नाही. खुसखुशीतपणा येतो तो इथूनच.

आता थोडं थोडं पाणी घालत घट्ट गोळा मळा. पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट हवा. जास्त घातलेलं प्रत्येक चमचा पाणी नंतर तळून बाहेर काढावं लागणार आहे, हे ध्यानात ठेवा. या १०० मिली पाण्याची वाफ झाली तर ती १६०-१७० लिटर भरेल, म्हणजे घरातलं मोठं पिंप जवळपास भरून जाईल!

गोळा झाकून अर्धा तास ठेवा. तेवढ्या वेळात रवा भिजतो आणि पाणी सगळीकडे सारखं पसरतं. मग पोळी लाटा, जाडी ३ मिलीमीटरच्या आसपास ठेवा. काट्या-चमच्यानं सगळीकडे टोचे मारा. ही भोकं म्हणजे वाफेची दारं. टोचे नसतील तर तुकडे पुरीसारखे फुगतात आणि पोकळ तुकडे डब्यात लवकर मोडतात. शेवटी कातण्यानं चौकोनी किंवा लांबट तुकडे कापा.

तळताना बुडबुड्यांकडे बघा, घड्याळाकडे नाही

तेल १५० ते १६० अंश सेल्सियस असावं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा बारीक तुकडा टाकून बघा. तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत सावकाश वर आला तर तेल तयार आहे. टाकल्या टाकल्या वर येऊन लाल झाला तर गॅस कमी करा आणि थोडं थांबा. तसाच तळाशी बसून राहिला तर अजून तापू द्या.

तुकडे सोडले की तेलात खळबळ उडते. ते बुडबुडे तेलाचे नाहीत, पिठातून पळून जाणाऱ्या पाण्याच्या वाफेचे आहेत. पाच-सात मिनिटांत आवाज कमी होतो, बुडबुडे विरळ होतात. याचा अर्थ पाणी संपत आलंय. रंग फिकट सोनेरी झाला की काढा, कारण बाहेर काढल्यावरही रंग थोडा चढतो.

घाईनं मोठ्या आचेवर तळलं तर काय होतं? बाहेरून लाल होतं, आत ओल राहते. ती ओल रात्रभरात हळूहळू बाहेरच्या कोरड्या कवचात शिरते. म्हणून संध्याकाळी कुरकुरीत असलेली शंकरपाळी सकाळी मऊ झालेली असते. डब्याचा दोष नसतो, तळण्याचा असतो.

आणि तेल पिण्याचं काय? तळताना आतून वाफ जोरात बाहेर येत असते, तोपर्यंत तेलाला आत शिरायला फारशी जागा नसते. बाहेर काढल्यावर तुकडा थंड होतो, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यातच चांगलं निथळून घ्या, गरम असतानाच झटका आणि चाळणीवर पसरा. कागदावर ढीग केला तर खालच्या तुकड्यांची वाफ अडकते आणि ते तिथेच मऊ पडतात.

सुरक्षेचं थोडं: कढई निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. ओला झारा तेलात घालू नका. तेलानं पेट घेतलाच तर पाणी अजिबात ओतू नका. गॅस बंद करा आणि कढईवर घट्ट झाकण ठेवा.

दालचिनी-साखर कधी लावायची?

इथे वेळ महत्त्वाची आहे. तुकडे कढईतून काढल्या काढल्या साखरेत टाकले तर त्यातून निघणाऱ्या वाफेनं साखर विरघळते आणि चिकट थर होतो. पूर्ण थंड झाल्यावर टाकले तर साखर चिकटतच नाही. निथळून साधारण एक-दोन मिनिटं झाली, वाफ दिसेनाशी झाली, पण हाताला गरम लागतंय आणि वर तेलाचा पातळ ओलावा आहे, ती खरी वेळ. मोठ्या भांड्यात घालून हलक्या हातानं घोळवा.

साखर निम्मी दळलेली आणि निम्मी बारीक दाण्याची घ्या. पिठी चांगली चिकटते, दाणा दाताखाली येतो. दालचिनी साखरेबरोबरच मिक्सरमध्ये फिरवली तर जास्त बारीक होते.

आणि दालचिनी पिठात का नाही घालायची? दालचिनीचं तेल काढताना तिच्यातून वाफच सोडतात, वाफ सुगंध घेऊन बाहेर येते. तळताना पिठातून निघणारी वाफही तेच करते. तुमच्या स्वयंपाकघरात घमघमाट सुटेल, पण तुकड्यात वास कमीच राहील.

तुमच्या डब्यातली दालचिनी नक्की कोणती?

नाशिकच्या रविवार कारंजा किंवा भद्रकालीच्या बाजारात 'दालचिनी' मागितली की बहुतेक वेळा जाड, कडक, लालसर तपकिरी साल मिळते. ही खरं तर कॅसिया, म्हणजे तज. अस्सल दालचिनी फिकट, कागदासारख्या पातळ थरांची असते, अनेक थर एकात एक गुंडाळलेले दिसतात आणि ती बोटांनी सहज मोडते. श्रीलंकेची दालचिनी ती हीच. आपल्या कोकणातही नारळाच्या बागांमध्ये ती लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं 'कोकण तेज' ही जात त्यासाठीच दिली आहे. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतही दालचिनी आणि तज हे दोन वेगळे पदार्थ मानले आहेत.

फरक नुसता चवीचा नाही. तजामध्ये कुमारिन नावाचा घटक बराच जास्त असतो आणि तो सतत, मोठ्या प्रमाणात पोटात गेला तर काही लोकांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. अस्सल दालचिनीत तो अगदी नगण्य असतो. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेनं सांगितलेली मर्यादा अशी: ६० किलो वजनाच्या माणसानं रोज २ ग्रॅम, तर १५ किलोच्या लहान मुलानं रोज अर्धा ग्रॅम तज खाल्ली तर चिंता नाही.

आता आपला हिशेब करू. वरच्या साहित्यात सव्वाचारशे ते साडेचारशे ग्रॅम शंकरपाळी होतात. २ छोटे चमचे म्हणजे साधारण ५ ग्रॅम पूड. म्हणजे ५० ग्रॅम शंकरपाळी खाल्ली की अर्ध्या ग्रॅमच्या आसपास तज पोटात जाते. लहानग्याची दिवसाची मर्यादा एका मोठ्या मुठीत पूर्ण! ही मर्यादा रोज, दीर्घकाळ खाण्यासाठी आहे, त्यामुळे सणाच्या दोन-चार दिवसांत थोडं जास्त झालं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण घरात तज असेल तर १ चमचाच घाला. अस्सल दालचिनी मिळाली तर २ चमचे खुशाल घाला.

उरलेलं तेल आणि भरलेला डबा

साखर लावलेले तुकडे पुन्हा तेलात टाकू नका, साखर जळते आणि तेल काळं होतं. तळून झालं की तेल थंड करून गाळून ठेवा, म्हणजे तळाचा चुरा राहत नाही. व्यावसायिकांसाठी १ जुलै २०१८ पासून नियम आहे: वारंवार तापवून तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल स्वयंपाकाला वापरायचं नाही. घरी ते मोजता येत नाही, पण तेल दाट झालं, फेस धरू लागलं किंवा लवकर धुरावू लागलं तर ते टाकायची वेळ झाली.

शंकरपाळी पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट भरली तर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता मुंबईला फराळ पाठवणाऱ्या नाशिककरांसाठी खास. पाऊस सरल्यावर नाशिकची हवा कोरडी होते, साखर भुरभुरीत राहते. कसारा घाट उतरला की हवा दमट होत जाते. हवेतली आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या पुढे गेली की साखर स्वतःच हवेतलं पाणी ओढायला लागते आणि ते पाणी खालच्या कवचात उतरतं. म्हणून पाठवायच्या शंकरपाळी साध्याच डब्यात भरा आणि दालचिनी-साखरेची पुडी वेगळी द्या. खाणाऱ्यांनी हव्या तेवढ्या शंकरपाळी मंद आचेवर पाच मिनिटं कोरड्या कढईत गरम करायच्या, पृष्ठभागावर थोडं तूप-तेल सुटलं की पुडीतली साखर घालून घोळवायच्या. आठवड्यानंतरही त्या आजच केल्यासारख्या लागतील.

तर मंडळी, यंदा करून बघा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कढईजवळून हलू नका. फराळाच्या डब्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना हा लेख आवर्जून पाठवा!