रक्तातला युरिया आणि ताटातले वरण

कापसाला किंवा केळीला घालण्यासाठी युरियाची गोणी आपल्यापैकी अनेकांनी उचलली असेल. तेच नाव स्वतःच्या रक्ताच्या अहवालात दिसले, की मात्र काळजात धस्स होते. रसायन म्हणून दोन्ही एकच. १८२८ साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत तयार केले. आपले शरीर मात्र ते रोजच तयार करते.

डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिनांत नत्र असते. प्रथिनांचे विघटन होताना त्या नत्राचा अमोनिया बनतो. तो मेंदूला घातक असल्याने यकृत त्याचा युरिया करते आणि मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात. युरिया ही जणू चुलीतली राख. राख साचली म्हणजे दर वेळी चूलच बिघडली, असे नव्हे.

गेल्या मे महिन्यात धुळे तालुक्यातील पंचाहत्तरीचे एक आजोबा आले. युरिया ६८, साधारणतः तो १५ ते ४० असतो. मुलाने धास्तीने त्यांचे वरण आणि दूध महिनाभर बंद ठेवले होते. आजोबा खंगले होते. विचारपूस केली तेव्हा कळले, की रात्री उठावे लागते म्हणून ते पाणी टाळत आणि गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळी घेत. खानदेशच्या उन्हाळ्यात हे दोन्ही मूत्रपिंडांवर घाला घालणारे. गोळी थांबवली, दिवसा पाणी वाढवले. पंधरवड्याने आकडा ३९ वर आला. वरण ताटात परतले.

दुसरा नत्रयुक्त पदार्थ क्रिएटिनिन. तो स्नायूंतून येतो. म्हणूनच कृश वृद्धांत मूत्रपिंडे मंदावली, तरी त्याचा आकडा निर्दोष भासू शकतो. यासाठी वयानुसार काढलेला ‘ईजीएफआर’ डॉक्टरांना अवश्य विचारावा. मधुमेह वा रक्तदाब असल्यास लघवीतील अल्ब्युमिनही तपासावे.

हृदयविकार, मूत्रपिंडविकार किंवा पायांवर सूज असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. लघवी कमी होणे, सतत मळमळ, गुंगी ही लक्षणे दिसताच विलंब करू नये.

आणि एक विनंती. अहवालातील एका आकड्याला भिऊन घरातील वडीलधाऱ्यांचे वरण बंद करू नका. आधी त्यांच्या उशाशी असलेली गोळ्यांची डबी उघडून पाहा.