विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं फेसबुक पान कुणासाठी?

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात हजारो हस्तलिखितं आहेत. हजरत अली (रजि.) यांच्या हातचं मानलं जाणारं कूफी लिपीतलं कुरआनचं पानही तिथंच जपलेलं आहे. अशा खजिन्याचा एकेक फोटो, सोबत दोन ओळी माहिती, एवढं घरबसल्या लोकांना दिसलं तरी पुष्कळ.

पण आमच्या मते कुठल्याही विद्यापीठ ग्रंथालयाच्या सोशल मीडियाचं खरं काम याहून साधं आहे. अभ्यासिका आज किती वाजेपर्यंत उघडी? रमजानमध्ये वेळ बदलली का? लांबून एसटीने येणाऱ्या मुलीला घरून परवानगी मिळते ती अनेकदा याच उत्तरावर. म्हणून वेळ बदलली की त्याच दिवशी सरळ मजकूर टाकावा, आपल्याकडे तर मराठी आणि उर्दूतही. सही-शिक्क्याच्या परिपत्रकाचा तिरका फोटो मोबाईलवर कोण वाचणार? प्रश्नांना उत्तर देणारा माणूस ठरलेला हवा, आणि पासवर्ड एकट्याकडेच नको. त्याची बदली झाली की पान मुकं होतं.

आणखी एक. वाचत बसलेल्या मुलामुलींचे फोटो बिनदिक्कत टाकले जातात. आधी विचारा. कोण कोणतं पुस्तक वाचतं हे ग्रंथपालानं कुणाला सांगायचं नसतं, मग ते फोटोतून तरी का सांगावं?